कारण नसलेला अर्ज

आईने पदराच्या टोकात काहीतरी बांधून आणलं होतं. मला वाटलं, शाळेतून गुळाचा खडा उरला असेल. तिने गाठ सोडली आणि ओट्यावर सिमेंटचा एक तुकडा ठेवला. तळहाताएवढा. एका बाजूला चुन्याचा पांढरा रंग, दुसऱ्या बाजूला गंजलेल्या सळईची लाल रेघ.

"वरून पडला," ती म्हणाली. "पोरं जेवायला बसायची होती. मी ताटं मांडून राहिली होती."

"तुला लागलं?"

"मला कशाला लागेल? ताटात पडला. ताट वाकलं ना."

ती ते सांगताना हसली, पण तिने लगेच हात धुतले, मग पुन्हा धुतले. आई घाबरली की हात धुते.

आमचं गाव बऱ्हाणपूरहून निंबोल्याकडे जाताना मध्ये लागतं; घरी मराठी, पण शाळा-कचेरीचं सगळं हिंदीत. गावात सरकारी प्राथमिक शाळा आहे आणि त्या शाळेत आई मुलांचं दुपारचं जेवण बनवते. हे काम सरकारकडून थेट मिळत नाही, गावातल्या बायकांच्या समूहातर्फे मिळतं. समूहाची एक अध्यक्ष आहे, तिला सगळे अध्यक्षबाई म्हणतात. कामावर ठेवल्याचा आईकडे काही कागद नाही. अध्यक्षबाईंनी "उद्यापासून राहू दे" म्हटलं की काम संपलं. बाबा केळीच्या गाड्या भरतात, ते काम हंगामाचं. म्हणून घरात आईचं काम म्हणजे रोजची खात्री होती.

त्याच शाळेत मी शिकले. पाचवीत असताना शाळेचे हेडसर घरी आले होते आणि बाबांना म्हणाले होते, "पोरगी थांबवू नका." बाबांनी थांबवलं नाही, म्हणून मी बऱ्हाणपूरच्या कॉलेजात जाऊन बी.ए. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आता मी तिथल्याच इतवाऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरायच्या एका दुकानात काम करते. हे सगळं सरांमुळे, असं मी आजही म्हणते. पुढचं सांगताना ते विसरायचं नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते.

शाळेच्या छताची भीती नवी नव्हती. थंडीच्या दिवसांत ब्लॉकच्या शिक्षण कार्यालयातून एक इंजिनियर आला होता. त्याने मागच्या खोलीत आणि ओसरीत छोट्या हातोडीने स्लॅब ठोकून पाहिला, मोबाइलवर फोटो काढले, आईच्या हातचा चहा घेतला आणि गेला. त्यानंतर कोणी काही बोललं नाही. आईने सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रिपोर्ट वर गेला आहे." मुलं पूर्वीसारखीच मागच्या खोलीत बसत होती, ओसरीत जेवत होती. आई वाढताना वर बघायची. ती सांगायची, पोळी वाढायला वाकलं की मानेवर गार वाटतं.

तुकडा पडला त्या आठवड्यात मी ठरवलं की माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. दुकानात मी लोकांचे तऱ्हेतऱ्हेचे फॉर्म भरत असे, पण त्यांत रकाने असतात आणि कुठे काय लिहायचं ते स्क्रीनच सांगते. हा अर्ज कोऱ्या कागदावर लिहायचा होता. कोऱ्या कागदावर अर्ज कसा लिहायचा हे मला एकाच माणसाने शिकवलं होतं, हेडसरांनी. वर "सेवा में", मग "सविनय निवेदन है कि", आणि मग कारण. सर म्हणायचे, कारण नाही तर अर्ज नाही. तापाची सुट्टी मागताना ताप आल्याचं लिहिलं नाही तर ते शून्य द्यायचे. शेवटी "आपकी आज्ञाकारिणी".

मी तसाच लिहिला. मी याच शाळेत शिकले, या शाळेची ऋणी आहे, माझी आई इथे जेवण बनवते आणि तिच्या अंगावर छताचा तुकडा पडता पडता राहिला, म्हणून काळजी वाटते. छत सुरक्षित आहे का? दुरुस्ती कधी होणार? आतापर्यंत का झाली नाही? कृपया सांगण्याची कृपा करावी, सदैव आभारी राहीन. आईला वाचून दाखवला तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती चांगला लिहिला गं," ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं. अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प लावला आणि ब्लॉक ऑफिसात देऊन आले.

अर्ज दिला की तो साहेबाच्या टेबलावर राहतो अशी माझी समजूत होती. तसं नसतं. ज्या शाळेबद्दल विचारलंय त्या शाळेकडूनच माहिती मागवली जाते आणि सोबत अर्जाची प्रत जाते. माझा अर्ज, माझ्या सहीसकट, आईच्या नावासकट, आईच्या आधी शाळेत पोचला.

त्या दिवशी मी दुकानातून परतत होते. शेअर ऑटोत अध्यक्षबाई पुढच्या बाकावर बसल्या होत्या, भाजीची पिशवी मांडीवर. मला चढताना पाहून त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या, "सरका बाई, सरका. कलेक्टरीणबाई आल्या."

ऑटोत हशा पिकला. मीही हसले. काय करणार?

"काकू, काय झालं?"

"काही नाही ना. आमचं छप्पर तपासायला आता तू येणार म्हणे. वर्षानुवर्षं पोरांना खाऊ घालतो आम्ही, कोणाला खरचटलं नाही. आता तुझ्या मायला भीती वाटते तर तिला आराम पाहिजे. बरोबर ना?"

ऑटोवाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. गावापर्यंत मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

घरी आई ओट्याशी उभी होती. हात धूत होती.

"दोन-चार दिवस येऊ नको म्हणाल्या," तिने सांगितलं. "आराम कर म्हणाल्या."

बाबांनी विचारलं, "अर्जात हिचं नाव कशाला घातलं?"

"कारण लिहावं लागतं ना बाबा."

बाबांनी मान हलवली. त्यांनाही ते पटलं, हेच मला जास्त लागलं.

दोन-चार दिवस लांबत गेले. त्या दिवसांची भीती मोठी नव्हती, बारीक होती, आणि ती घरभर होती. आई सकाळी सवयीने लवकर आवरून बसायची आणि मग तिला आठवायचं. शाळेची घंटा आमच्या घरात ऐकू येते. दुपारच्या जेवणाची घंटा झाली की ती बोलणं थांबवायची. मला वाटायचं, ती जेवणाच्या विचारात असेल. एकदा ती म्हणाली, "आता ओसरीत बसली असतील." तेव्हा कळलं की ती मुलं मोजत असते. काम गेलं होतं, पण छत तिच्या डोक्यावरून गेलं नव्हतं. माझ्याही. एखादी मोठी गाडी रस्त्याने धडधडत गेली की आम्ही दोघी शाळेच्या दिशेने बघायचो.

आणि फोन. अनोळखी नंबर वाजला की आई गॅस बंद करायची, जणू बोलणं लांबणार आहे. एकदा खरंच कोणीतरी हिंदीत विचारलं, "मैडम, आपने आवेदन लगाया है? आप तो पढ़ी-लिखी हो, पहले मिल लेतीं." नाव विचारलं तर फोन ठेवला. आवाज चांगला होता, आदराने बोलणारा. त्या आदराचीच भीती वाटली.

मग उत्तर आलं. टपालाने, शाईचा शिक्का मारून. त्यात लिहिलं होतं की आपण प्रश्न विचारले आहेत, अभिलेख, म्हणजे दप्तरातला कागद, मागितलेला नाही. छत सुरक्षित आहे की नाही हे मत देणं या कायद्यात येत नाही. सबब अर्ज निकाली. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आईचं काम गेलं होतं आणि त्याबदल्यात हाती काही आलं नव्हतं. अपील करता येतं असं खाली लिहिलं होतं. पण अपील करायला आधी आपण बरोबर होतो असं वाटावं लागतं, आणि मला तसं वाटत नव्हतं.

त्यानंतर एका दुपारी दुकानात हेडसर आले.

दुकानात गर्दी होती. ते बाहेरच थांबले, चप्पल काढावी की नाही या विचारात असल्यासारखे. गर्दी ओसरल्यावर आत येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. मी उभी राहिले.

"बस, बस. पेन्शनचा एक फॉर्म भरायचाय," ते मोठ्याने म्हणाले. मग हळू आवाजात, "तो अर्ज आहे तुझ्याकडे? झेरॉक्स?"

मला वाटलं, ते मागे घ्यायला लावणार. मी म्हणाले, "सर, मला तुमच्याविरुद्ध काही म्हणायचं नव्हतं."

"मला माहीत आहे. काढ."

मी झेरॉक्स दिली. त्यांनी खिशातून पेन काढलं. लाल. सवयीचं. मला आठवलं, शाळेत ते पेनाचं टोपण दातांत धरायचे. आताही धरलं. आणि पहिल्या ओळीपासून खोडत आले. "सविनय" गेलं. "ऋणी आहे" गेलं. आईच्या वाक्यावर आले तेव्हा थांबले, मग तेही सबंध खोडलं.

"हे मीच शिकवलं तुला," ते म्हणाले. "मी सुट्टीचा अर्ज शिकवला. सुट्टी आपली नसते, म्हणून कारण सांगून मागावी लागते. हे कागद तुझेच आहेत. त्याला कारण लागत नाही. कायद्यातच लिहिलंय, कारण विचारायचं नाही."

"पण सर, कारण न लिहिता उद्धट नाही वाटत?"

ते रस्त्याकडे बघत होते. आल्यापासून बघतच होते. "मला एकदा असाच अर्ज आला होता. आपल्याच शाळेबद्दल, दुपारच्या जेवणाच्या तांदळाचा. चार ओळी. ना नमस्कार, ना कारण. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या नोंदींच्या प्रती द्या, बस. मला घाम फुटला बेटा. माझ्या नोंदी बरोबर होत्या, तरी. त्याला काय पाहिजे तेच कळेना. तुझा अर्ज ऑफिसात वाचला आणि सगळ्यांना कळलं, हिला काय पाहिजे, हिची माय कुठे काम करते, हिला कुठे दाबायचं."

मी खाली बघत होते. ते रागावून बोलत नव्हते.

मग त्यांनी मला दुसऱ्या कोऱ्या कागदावर लिहायला सांगितलं. ते सांगत होते, मी लिहीत होते, जसं श्रुतलेखन. या शाळेच्या इमारतीच्या तपासणीच्या अहवालाची प्रमाणित प्रत. त्या अहवालावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत. आणि शेवटी, "शाळेकडून इमारतीबाबत कार्यालयाला पाठवलेल्या सर्व पत्रांच्या प्रती."

"सर, ही पत्रं..."

"माझी आहेत. मी लिहिली, ती तिथेच पडली आहेत. मी देऊ शकत नाही, मी नोकरीत आहे. तू मागू शकतेस." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "छत पडलं तर सस्पेंड कोण होईल? इंजिनियर नाही होणार."

मला ते ऐकून थोडं वाईट वाटलं. मला वाटलं होतं, ते माझ्यासाठी आले. ते स्वतःसाठीही आले होते. पण नंतर घरी जाताना विचार केला की इतकी वर्षं त्या छताखाली बसून, रोज मुलांची हजेरी घेऊन, घाबरायचा हक्क त्यांना माझ्यापेक्षा जास्तच होता.

उठताना त्यांनी खोडलेली झेरॉक्स घडी करून स्वतःच्या खिशात घातली. "हा लाल कोणी ओळखेल," ते म्हणाले. आणि मोठ्याने, "फॉर्म झाला की सांग हो!"

दुसरा अर्ज चार ओळींचा झाला. लिहायला वेळ लागला नाही, द्यायला लागला. ब्लॉक ऑफिसच्या आवारात मी बराच वेळ नुसती उभी होते. कागदावर कृपया नव्हतं तर मला उघडं पडल्यासारखं वाटत होतं. शेवटी आत गेले. आवक घेणाऱ्या बाबूंनी वाचलं, उलटून मागे पाहिलं. मागे काही नव्हतं.

"कारण?" त्यांनी विचारलं.

"नाही लागत," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक आला की त्यांनी पुन्हा विचारलं.

"कारण नाही लागत. पावती द्या."

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी पावतीवर शिक्का मारला आणि "बैठिए" म्हणाले. मागच्या वेळी मला कोणी बसायला सांगितलं नव्हतं. मी बसले नाही. बसले असते तर उठता आलं नसतं.

उत्तर द्यायला कायद्यात तीस दिवस असतात. ते मी मोजले नाहीत, आईने मोजले, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून. या वेळी फोन आला नाही. ती शांतता फोनपेक्षा वाईट होती. बाबांनी एकदा विचारलं, "मागे घेतलं तर आईला परत घेतील का?" ते माझ्यावर चिडले नव्हते, केळीची गाडी लागली नव्हती त्या दिवशी. मी म्हणाले, "माहीत नाही." आई आतून म्हणाली, "मागे नको घेऊ. पोरं बसताहेत तिथे." तो विषय पुन्हा निघाला नाही.

मुदत संपत आली तेव्हा कागद घेऊन जायला सांगणारं पत्र आलं. कागद मोजकेच होते. ऑफिसच्या पायऱ्यांवरच मी अहवाल वाचला. मागची खोली आणि ओसरी वापरण्यास योग्य नाही, मुलांना बसवू नये. खाली इंजिनियरची सही आणि थंडीतली तारीख. त्याच आठवड्यातली, ज्या आठवड्यात तो आईच्या हातचा चहा पिऊन गेला होता. म्हणजे तेव्हापासून हे माहीत होतं. आई वाकून पोळ्या वाढत होती तेव्हा हे लिहिलेलं होतं. अहवालामागे सरांची पत्रं होती, एकाखाली एक, प्रत्येकात "सविनय निवेदन", प्रत्येकात कारण.

पुढे काय करायचं ते सरांनी सांगितलं नव्हतं, पण ते मला समजलं होतं. मी अहवालाची एक प्रत शाळेच्या नावे दिली, समोर, आवक शिक्का मारून घेऊन. सरांनी ती अनोळखी माणसाकडून घ्यावी तशी घेतली. "ठीक आहे, बाई," म्हणाले. मला ते बेटा म्हणाले नाहीत, कारण खोलीत दुसरे शिक्षक होते. आता अहवाल शाळेला मिळाला आहे हे कागदावर होतं. पाळला नाही तर कोण अडकेल हेही.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीला कुलूप लागलं. ओसरीच्या खांबांना दोरी बांधली. मुलं मारुतीच्या देवळाच्या पत्र्याच्या मंडपात बसू लागली, जेवणही तिथेच होऊ लागलं. पावसाळ्यात पत्रा इतका वाजायचा की सरांना ओरडून शिकवावं लागायचं. नवी खोली अजून झालेली नाही. त्यासाठी पुन्हा अर्ज लागेल, आणि तो मी लिहिणार आहे. लिहायचं ठरवलं की अजूनही तशीच भीती वाटते.

आईला लगेच कोणी बोलावलं नाही. एके दिवशी अध्यक्षबाईंचा निरोप आला, उद्या खीर-पुरी आहे, हात कमी पडतात. काही झालंच नाही असं धरून आई गेली. पुढच्या दिवशीही गेली. कोणी नको म्हटलं नाही. उद्या म्हणतील का, ते माहीत नाही. कामावर ठेवल्याचा तो कागद अजूनही आमच्याकडे नाही.

पाऊस सरला तरी छत उभंच होतं. कुलूपबंद, गळकं, पण उभं. माझ्या दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी मी आईला डबा द्यायला देवळात गेले. अध्यक्षबाई पिठाचे गोळे करत होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "काय कलेक्टरीणबाई? पडलं का गं तुझं छप्पर?"

बाकीच्या बायका हसल्या. माझं तोंड लाल झालं. खरं सांगायचं तर मीही रोज ऑटोतून त्या छताकडे बघत असे, आणि ते उभं दिसलं की सुटल्यासारखंही वाटायचं आणि खोटं पडल्यासारखंही.

आई पुरी लाटत होती. तिने मान वर केली नाही.

"नाही पडलं," ती म्हणाली. "पण खाली कोणी नाही ना."

अध्यक्षबाईंचा हात पिठात थांबला. त्यांनी मंडपात ओळीने बसलेल्या मुलांकडे पाहिलं. त्यांचा नातू पहिलीत आहे, तो दुसऱ्या ओळीत बसला होता, ताटावर चमचा वाजवत.

"लाट, लाट," त्या म्हणाल्या. "तेल तापलंय."

आईने पुरी कढईत सोडली, मग वर पाहिलं. वर पत्रा होता. तरी तिने पाहिलं.